सापुताऱ्याचे तळे आणि नवागाम

आपल्या कष्टाळू कुटुंबांत विश्रांती या शब्दाला फारशी प्रतिष्ठा नाही. शेतकऱ्याची कापणी आटोपली की मळणी उभी राहते, मळणी आटोपली की घराची शाकारणी. कारखान्यातल्या माणसाला पाळी सोडीत नाही, आणि घरच्या गृहिणीला चुलीने कधी सुटी दिल्याचे ऐकिवात नाही. त्यामुळे सहलीचा विषय निघाला की, "ही चैन आपल्याला कशी परवडणार?" असा प्रश्न वडीलमाणसे करतात, आणि पैशापुरता तो प्रश्न रास्तही असतो. परंतु दहा आज्ञांतील विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आपण नीट वाचली, तर तीत केवळ घरधन्याचा विचार नाही हे ध्यानात येते. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांना विसावा मिळावा असे परमेश्वराने सांगितले आहे. कामगिरीवरून थकून परतलेल्या प्रेषितांना प्रभू येशूने एकांत स्थळी जाऊन थोडी विश्रांती घेण्यास सांगितले, असे संत मार्कही नमूद करतो. तेव्हा वर्षातून एकदा सहकुटुंब दोन दिवस बाहेर पडण्यात संकोचण्यासारखे काही नाही. मात्र आज्ञेतील तो 'परका' विसरून चालणार नाही. आजच्या लेखात त्याच्याशी आपली गाठ पडणार आहे.

सुरत शहरात उधना स्थानकाच्या पलीकडे नवागाम-डिंडोली हा भाग आहे. नाव गुजराती, मुलूख गुजराती. परंतु तेथल्या गल्लीबोळांतून चालू लागले की कानी पडते ती खानदेशची बोली. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून यंत्रमागांच्या व कापडरंगाईच्या कामासाठी आलेली असंख्य कुटुंबे उधना, लिंबायत, नवागाम या भागांत स्थिरावली आहेत. सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग हा त्यांच्या गावाकडचा रस्ता. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालच्या खोल्या तापतात, मागांचा खडखडाट रात्रीही डोक्यात घुमत राहतो, आणि मग सुटीच्या दिवसांत घरात एक नाव निघते, ते म्हणजे सापुतारा. सुरतेहून ते सुमारे १६० किलोमीटरांवर आहे. नाशिकहून अंतर याच्या निम्मे, म्हणजे ८० किलोमीटरांच्या आसपास. त्यामुळे खानदेश, नाशिक, वसई आणि डहाणू या सर्व बाजूंच्या कुटुंबांना हे ठिकाण आटोक्यातले वाटते. महाबळेश्वराइतका खर्च येथे होत नाही, ही गोष्टही काही लहान नव्हे.

घाई नसेल तर बिलीमोऱ्यापर्यंत मोठ्या गाडीने जावे आणि तेथून वघईची छोटी गाडी धरावी. अडीच फूट रुंदीचा हा मार्ग बडोद्याच्या गायकवाड सरकारने १९१३ च्या सुमारास बांधला. लांबी अवघी ६३ किलोमीटर. डांगच्या जंगलातले सागवान समुद्रकाठी आणणे हा त्या मार्गाचा मुख्य हेतू होता. लाकडे वाहण्यासाठी जन्मलेली गाडी पुढे माणसे वाहू लागली, आणि बाजारहाटाला जाणाऱ्या आदिवासी स्त्रिया, शाळकरी मुले, भाजीच्या पाट्या यांचा तो स्वस्त आधार झाला. करोनाच्या साथीत, २०२० साली, ती बंद पडली होती. २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. वेळापत्रक बदलत असते, तेव्हा निघण्यापूर्वी स्थानकावर चौकशी करणे बरे. वाटेत उनाई लागते. तेथे गरम पाण्याचे झरे आहेत. ऊस आणि आंब्याचा मुलूख हळूहळू मागे पडतो, दोन्ही बाजूंनी साग जवळ येऊ लागतो, आणि गाडी वघईला थांबते तेव्हा आपण डांगच्या दाराशी उभे असतो.

वघईच्या अगदी शेजारी, अंबिका नदीच्या काठी, वांसद्याचे राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्वी हे वांसद्याच्या राजांचे खासगी रान होते. १९५२ पासून तेथे झाडांची तोड झालेली नाही, असे सांगतात. १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ जेमतेम २४ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्याकडच्या चार-पाच मोठ्या गावांच्या शिवारांइतके. परंतु कुऱ्हाडीला सुटी दिली तर जमीन काय करू शकते, हे पाहायचे असेल तर ते येथे पाहावे. साग आणि बांबू यांची दाटी काही ठिकाणी इतकी आहे की भर दुपारी खाली संध्याकाळचा उजेड असतो. झाडांमधून ताणलेली मोठमोठ्या कोळ्यांची जाळी उन्हाच्या कवडशात चमकतात. बिबट्या, तरस, चौशिंगा, भेकर हे येथले रहिवासी. अर्थात त्यांनी आपल्याला दर्शन द्यावे असा आग्रह धरू नये. उद्यानात शिरण्यासाठी वनखात्याची परवानगी काढावी लागते. वघईलाच वनस्पती-उद्यानही आहे, आणि पावसाळ्यात किंवा पावसाळा सरता सरता गेल्यास अंबिका नदीवरचा गिरा धबधबा अवश्य पाहावा.

वाघ मात्र या रानातून नाहीसा झाला आहे. तो उरला आहे लोकांच्या श्रद्धेत. डांगमध्ये फिरताना कोठे झाडाखाली, कोठे शिवेवर वाघाचे चित्र कोरलेली लाकडी फळी किंवा दगड दिसतो. त्यावर सूर्य आणि चंद्रही असतात. तो वाघदेव. आपली श्रद्धा निराळी, हे खरे. तथापि ज्या जनावराने आपली गुरे न्यावीत त्याच्याच नावाने दगड उभा करून, त्याचे आणि आपले रान एकच आहे असे मानणाऱ्या माणसांची थट्टा करू नये. त्यात सृष्टीविषयीचे एक भय आहे आणि एक आदरही आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत करण्यासाठी व तिची राखण करण्यासाठी. मशागत आपण पुष्कळ केली, राखणीचे काय?

राखण झाली तर गमावलेलेही कधी कधी परत भेटते. वन पिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. १८८४ नंतर एका शतकाहून अधिक काळ ते कोणाला दिसले नव्हते. पृथ्वीवरून ते संपले अशीच अनेकांची समजूत होती. १९९७ च्या नोव्हेंबर महिन्यात आपल्या खानदेशातच, शहाद्याजवळच्या रानात, अमेरिकेच्या पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन व त्यांच्या सोबत्यांना ते पुन्हा आढळले. पुढे डांगमधील पूर्णा अभयारण्यातही त्याचे वास्तव्य असल्याचे दिसून आले. एवढासा पक्षी, परंतु उभे जुने झाड आणि त्यातली ढोली असल्यावाचून तो जगत नाही. मुलांना ही गोष्ट प्रवासात जरूर सांगावी. ती सांगून झाल्यावर गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहण्याची त्यांची रीतच बदलते.

वघईहून सापुतारा सुमारे ५० किलोमीटर. घाट चढत जातो, हवा बदलते, आणि सुमारे हजार मीटर उंचीच्या पठारावर आपण पोहोचतो. पठाराच्या मधोमध तळे, तळ्यात नावा, काठाशी बागा, भोवती टेकड्या. सूर्योदय आणि सूर्यास्त पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. दोरीवरून चालणारा पाळणाही आहे. ज्यांना चालवत नाही अशा आजी-आजोबांनी तळ्याकाठी बसून राहावे. त्यात त्यांचे काहीच चुकत नाही. पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात आणि हातभर अंतरावरचे माणूस दिसेनासे होते. आदिवासींच्या जीवनाचे एक संग्रहालय येथे आहे. त्यांचे दागिने, वाद्ये, मुखवटे, घरांचे नमुने तेथे पाहावयास मिळतात. लहान मुलांना घेऊन पहिल्या दिवशीच तेथे जावे, कारण मग बाहेर भेटणाऱ्या माणसांकडे ती अधिक समजुतीने पाहतात. पलीकडे महाराष्ट्राच्या हद्दीत हातगडचा किल्ला आहे. पायात बळ असलेल्या तरुणांनी तो चढावा. सापुतारा या नावाचा संबंध सापांशी जोडतात. सर्पगंगेच्या काठी नागाची प्रतिमा आहे आणि होळीच्या दिवसांत आदिवासी लोक तिची पूजा करतात.

येथवर सारे कोणत्याही सहलीच्या वर्णनासारखे झाले. आता थोडे थांबून एक साधा प्रश्न विचारू. हे गाव येथे आले कोठून?

डांगचा इतिहास लाकडाचा इतिहास आहे. येथल्या सागवानाची कीर्ती इंग्रजांच्या कानी गेली, तेव्हा मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली जात होती आणि त्यांना उत्तम लाकूड हवे होते. १८४२ मध्ये इंग्रजांनी येथल्या भिल्ल राजांकडून जंगलाचे पट्टे करून घेतले. राजांना ठराविक वार्षिक रक्कम, आणि साग सरकारचा, असा तो व्यवहार. त्या कराराची आठवण अजून जिवंत आहे. होळीच्या आधी आहवा येथे डांग दरबार भरतो आणि पाच राजघराण्यांच्या वारसांना सालियाना समारंभपूर्वक दिला जातो. ज्या माणसांच्या पूर्वजांचे हे सारे रान होते, ती त्या दिवशी मिरवणुकीने येतात, मानपान घेतात, आणि दुसऱ्या दिवशी पुष्कळशी आपल्या शेताच्या तुकड्याकडे परततात.

पुढे स्वातंत्र्य आले. डांग मुंबई राज्यात होता. डांगी बोली ही मराठी-खानदेशीच्या जवळची की गुजरातीच्या, यावर त्या काळी मोठा वाद झाला. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि डांग गुजरातकडे गेला. आता गंमत पाहा. महाबळेश्वर, माथेरान, खंडाळा ही सारी थंड हवेची ठिकाणे महाराष्ट्रात राहिली. अबूचा पहाड १९५६ च्या राज्यपुनर्रचनेतच राजस्थानकडे गेला होता. नव्या गुजरात राज्याला स्वतःचे म्हणावे असे गिरिस्थान हवे होते. सापुताऱ्याचे पठार त्या कामी योग्य ठरले. रस्ते झाले, विश्रामगृहे झाली, तळे झाले, बागा झाल्या. आपण ज्याला निसर्गाचे देणे समजून भान हरपून पाहतो, ते तळे माणसाच्या हातचे आहे.

परंतु पठार मोकळे नव्हते. तेथे आदिवासी कुटुंबे राहत होती, त्यांची शेती होती, गुरे होती. गिरिस्थान उभारण्यासाठी त्यांना तेथून हलवण्यात आले आणि जवळच दुसरीकडे वसवण्यात आले. त्या नव्या वस्तीला नाव पडले नवागाम. आपल्या पायाखालच्या जमिनीचा पक्का कागद मिळावा म्हणून त्या लोकांना त्यानंतर अनेक दशके अर्जविनंत्या कराव्या लागल्या. सहलीच्या माहितीपत्रकात तळे असते, बागा असतात, पाळणा असतो. हे नवागाम मात्र सहसा नसते.

म्हणजे आपण सुरतेच्या नवागामातून निघालो आणि डोंगरावरच्या नवागामाशी येऊन पोहोचलो. नावे सारखी असणे हा योगायोग आहे. 'नवे गाव' हे नाव देशभर सापडते. परंतु या नावाच्या मागे पुष्कळदा एक जुने गाव असते, ज्याचे नाव आता कोणी घेत नाही. पोटासाठी खानदेश सोडून आलेल्या कामगाराचे जुने गाव निदान गाडीच्या तिकिटाइतके दूर आहे; दिवाळीला तो तेथे जाऊ शकतो. उकाईचे धरण १९७२ मध्ये पुरे झाले तेव्हा तापीकाठच्या ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांना ती सोय उरली नाही. नर्मदेच्या काठीही एक नवागाम होते. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी ज्या धरणाची कोनशिला बसवली, ते आरंभी त्याच गावाच्या नावाने ओळखले जाई. पुढे ते सरदार सरोवर झाले. धरणाच्या पाण्याने लक्षावधी एकर भिजतात हे खरे आहे, आणि ज्यांची चूल हलली त्यांचे दुःखही तितकेच खरे आहे. एका सत्याने दुसरे खोटे ठरत नाही.

राजांच्या पहिल्या ग्रंथात नाबोथाची कथा आहे. इज्रेल येथे राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तेथे भाजीची बाग करावयाची होती. त्याने काही प्रथम तलवार उपसली नाही. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो, असेच तो म्हणाला. आजच्या भाषेत बोलावयाचे तर मोबदला देऊ केला. नाबोथाने नकार दिला, कारण ती त्याच्या वाडवडिलांची ठेव होती. पुढे ईजबेल राणीने काय केले आणि एलिया संदेष्ट्याने अहाबाला काय सुनावले, ते आपणांस ठाऊक आहे. सापुताऱ्यात कोणी नाबोथाप्रमाणे दगडमार करून मारला गेला असे मुळीच सुचवावयाचे नाही. ती कथा आठवते ती तिच्या पहिल्या चार ओळींसाठी. काही वस्तू अशा असतात की त्यांची किंमत देणाऱ्याला कळते, मोल मात्र ज्याची आहे त्यालाच. त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज केलेला व्यवहार कागदावर कितीही सरळ असो, देवापुढे तो पुरा होत नाही.

"मग काय सापुताऱ्याला जाऊच नये?" असे एखादी भगिनी विचारील. तसे नाही. न जाण्याने नवागामाच्या माणसाचे काहीच भले होत नाही. उलट रस्ता झाला म्हणून आजाऱ्याला दवाखाना गाठता आला, हेही घडले आहे. आणि मक्याची कणसे भाजणारी, नाचणीचे पापड व बांबूच्या कोंबांचे लोणचे विकणारी बाई सहलीच्या माणसांवरच जगते. प्रश्न जाण्याचा नाही, कोणत्या नात्याने जातो त्याचा आहे. पैसे मोजले म्हणजे आपण तेथले धनी, ही एक वृत्ती. आपण कोणाच्या तरी अंगणात पाहुणे आहोत, ही दुसरी. विसाव्याच्या आज्ञेतील परका आठवतो का? आपल्या घरी तो आला तर त्याला विसावा द्यावयाचा, हे आपण जाणतो. परंतु सापुताऱ्यात परके आपण आहोत, आणि घरधनी तो आहे.

हे वसईच्या वाचकांना अधिक सांगावयास नको. अर्नाळा, राजोडी, कळंब या आपल्या किनाऱ्यांवर रविवारी शहरातून गाड्या येतात. सकाळी मिस्साबलिदानाला निघालेल्या बायकामुलांना रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागते. संध्याकाळी गाड्या परततात आणि वाळूत बाटल्या, थाळ्या, पिशव्या उरतात. वाडीतल्या म्हाताऱ्याला कोणी नाव विचारीत नाही. त्याच्या केळीच्या बागेसमोर उभे राहून चित्रे मात्र काढून घेतात. त्या वेळी आपल्या मनाला जे लागते, तेच डांगमधल्या माणसाच्या मनाला लागत असणार. दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्याच्याशी वागावे, हा प्रभूचा नियम आपण घरी आणि देवळात पाळावा आणि सहलीत खुंटीला टांगून ठेवावा, असे कोठे सांगितलेले नाही.

आपल्या लोकांना डांग आणखी एका कारणाने ठाऊक आहे. १९९८ च्या नाताळात आणि त्यानंतरच्या काही दिवसांत या जिल्ह्यातील अनेक प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले, काही जाळली गेली. त्यांतील पुष्कळशी गरीब गावांतली साधी, कुडाची मंदिरे होती. १९९९ च्या जानेवारीत तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी डांगला भेट दिली. त्या दिवसांत आपल्या अनेक देवळांतून डांगसाठी प्रार्थना झाल्या, आणि त्या योग्यच होत्या. परंतु त्यानंतर आपल्या मनात डांग म्हणजे एक तर जळालेली मंदिरे, नाहीतर तळ्यातल्या नावा, एवढेच उरले. या दोहोंच्या मध्ये जो माणूस नाचणी पेरतो, बांबूच्या टोपल्या विणतो, पावरी वाजवतो, ऊसतोडीला परमुलखात जातो, तो कोकणा, वारली, भिल्ल, कोटवाळिया, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, आपल्या नजरेआडच राहिला. संकटात प्रार्थना करणे हे बंधुत्वाचे अर्धे काम. सुखाच्या दिवशी त्याच्या दारावरून जाताना त्याला ओळखणे हे उरलेले अर्धे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. सहल शनिवार-रविवारची असेल तर मिस्साबलिदानाचा विचार आधी करावा. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जाऊन निघता येते, किंवा वाटेतल्या धर्मग्रामाची वेळ आपल्या धर्मगुरूंकडून विचारून घेता येते. "सहलीत होते असे कधी" हे कारण मुलांच्या कानी पडू देऊ नये. ते ती जन्मभर लक्षात ठेवतात. शक्य तर सणासुदीची गर्दी टाळून आडवारी जावे. घाटात गाड्यांची रांग लागली की विश्रांतीची दमछाक होते.

खाण्याचे पदार्थ घरून नेले तर खर्च वाचतो, पण सगळेच घरून नेऊ नये. नाचणीची भाकर, पापड, बांबूचे लोणचे, टोपली, सूप असे जे तेथल्या हातांनी केलेले आहे ते तेथल्याच हातांकडून घ्यावे, आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये. शहरातल्या मोठ्या दुकानात छापील किंमत निमूटपणे देणारा माणूस जमिनीवर बसलेल्या बाईशीच का भांडतो, हे कोडे आहे. घेताना तिला नाव विचारावे, कोणत्या गावची ते विचारावे. मराठी तिला बहुधा समजते. तिची बोली आपल्यालाही निम्मी समजते. सीमा नकाशावर ओढल्या, जिभेवर त्या तितक्या ठळक उमटल्या नाहीत. कोणाचे चित्र काढावयाचे तर आधी विचारावे.

गुजरातमध्ये दारूबंदी आहे. ती हद्द ओलांडण्यापूर्वी किंवा ओलांडून चोरून काही करण्याची युक्ती ज्या पुरुषमंडळींना सुचत असेल, त्यांनी आपल्या बायकोच्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे. दोन दिवस कोरडे गेल्याने सहल बिघडल्याचे उदाहरण नाही. न गेल्याने बिघडल्याची उदाहरणे मात्र प्रत्येक गावात आहेत. नेलेला कचरा पिशवीत बांधून परत आणावा. माकडांना खाऊ घालू नये. त्यात दया नाही, त्यांना चोरीची सवय लावणे आहे. आणि रानात गेल्यावर गाणी वाजवू नयेत. जंगलात शांत बसून राहण्यास मुलांना पहिली पाच मिनिटे जड जातात, सहाव्या मिनिटाला त्यांना पक्षी ऐकू येऊ लागतात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लौदातो सी' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. आपल्या सामाईक घराची, म्हणजे या पृथ्वीची, काळजी हा त्याचा विषय. त्याचे सार असे की जमिनीचा आणि गरिबाचा आक्रोश निरनिराळा ऐकता येत नाही. एकाकडे कान बंद केला की दुसराही ऐकू येईनासा होतो. वांसद्याचे रान आणि डोंगरावरचे नवागाम एकमेकांपासून फार दूर नाहीत. रानातल्या झाडाला राखण मिळाली, याचा आपल्याला आनंद व्हावा. त्या रानाशेजारच्या माणसाला आपल्या घराखालच्या जमिनीची शाश्वती असावी, याचीही आपल्याला तितकीच आस लागावी. घुबडाला ढोली लागते, माणसाला उंबरठा.

तेव्हा या सुटीत ज्या कुटुंबांना शक्य असेल त्यांनी सापुताऱ्याला जावे. तळ्यात नाव न्यावी, मुलांना हसू द्यावे, आजी-आजोबांना गार वाऱ्यात बसू द्यावे. परमेश्वराने दिलेला विसावा त्याचे आभार मानून घ्यावा. आणि रात्री मुक्कामाच्या ठिकाणी सगळे मिळून जपमाळ म्हणाल, तेव्हा एक दशक नवागामच्या लोकांसाठी म्हणावे. मुले विचारतील की नवागाम कोठे आहे. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे घेऊन जावे आणि तेथल्या माणसांना रामराम घालावा.